चार आणि चार

मागच्या दिवाळीत, वसुबारसेच्या संध्याकाळी, मी सुनेला एक वाक्य म्हणायला सांगितले: 'चार गाईंना चारा चार.' सूनबाई इंदूरच्या, माहेरी हिंदी. लग्न होऊन उदगीरला आल्यापासून तीन वर्षांत तिने मराठी अशी उचलली की भाजीवालीशी घासाघीस करताना ती माझ्यापेक्षा चार पावले पुढे असते. वाक्य तिने म्हटले, पण त्यातले तिन्ही 'च' एकसारखे, चिमणीतल्या 'च'सारखे आले. मी ते पुन्हा म्हणून दाखवले. संख्येचा 'चार' तालव्य, म्हणजे टाळूवरचा, आणि चाऱ्याचा 'च' दातांकडे सरकलेला, असा दोन्हींतला फरक जरा ठासून उच्चारला. तिने नीट ऐकले, मान हलवली आणि म्हणाली, "आई, मी तेच तर म्हटलं ना?"

एकतीस वर्षे मराठी शिकवून निवृत्त झालेल्या बाईला हे उत्तर लागायला हवे होते, पण मला आधी हसू आले आणि मग मी विचारात पडले. ती खोटे बोलत नव्हती. तिच्या कानाला खरोखरच दोन्ही 'चार' एक होते. आणि मला त्या घटकेला पहिल्यांदा जाणवले की या तालव्य आणि दंततालव्य 'च'मधला फरक मी आयुष्यात एकाही विद्यार्थ्याला शिकवलेला नाही. व्याकरणाच्या पुस्तकात त्याचा एक परिच्छेद असतो; तो परीक्षेपुरता वाचला जातो. आपली लिपी तर हा फरक दाखवतच नाही. 'जग' हा शब्द दुनिया या अर्थी एक आणि जगण्याच्या आज्ञेचा दुसरा. 'जरा' म्हणजे थोडे आणि 'जरा' म्हणजे म्हातारपण. 'माझा' म्हणताना एक 'झ' आणि 'माझी' म्हणताना दुसरा. लिहायला सगळे सारखे. तरीही मराठी घरातले पोर शाळेची पायरी चढण्याआधीच हे सगळे बिनचूक बोलते, आणि ते कोणी शिकवले असे विचारले तर घरातल्या कोणालाच सांगता येत नाही.

याच्या उलट गोष्ट ऱ्हस्व-दीर्घाची. तिथे लिपीने दोन वेगळ्या वेलांट्या आणि दोन वेगळे उकार दिले, साहित्य महामंडळाने १९६२ साली शुद्धलेखनाचे चौदा नियम केले आणि १९७२ मध्ये त्यांत चारांची भर घातली, माझ्यासारख्या शिक्षकांनी लाल शाईच्या दौती रिकाम्या केल्या, तरी दहावीच्या वहीत 'दिन' आणि 'दीन' यांची अदलाबदल व्हायची ती होतच राहिली. मी त्याला निष्काळजीपणा म्हणत असे. आता वाटते की तो निष्काळजीपणा नव्हता. मराठी बोलण्यात इकार-उकारांची लांबी अर्थ बदलत नाही. ती शब्दातल्या जागेवर ठरते. 'दिन' आणि 'दीन' आपण दोन्ही सारखेच लांबवतो. जे कानाला मिळालेलेच नाही ते मुलाने डोळ्यांनी पाठ करायचे असते, आणि डोळ्यांनी पाठ केलेले परीक्षेच्या घाईत निसटते.

म्हणजे जे लिपीत नाही ते कोणी चुकत नाही, आणि जे लिपीत आहे ते सगळे चुकतात. हा उलटा हिशेब कुठे लागतो याचा शोध घेत मी गेले वर्षभर वाचत आहे, आणि घरात नऊ महिन्यांचा नातू असल्यामुळे ते वाचन पुस्तकापुरते राहिलेले नाही.

नातवाच्या वयाशी नेमका भिडणारा प्रयोग कॅनडातला आहे. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये तो प्रसिद्ध केला, आणि त्यात वापरलेले आवाज आपल्या ओळखीचे होते: हिंदीतले 'त' आणि 'ट'. इंग्रजी घरातले बाळ आईच्या मांडीवर बसलेले. एका बाजूच्या भोंग्यातून 'त… त… त…' चालू. मध्येच तो आवाज 'ट' होतो, आणि त्याच वेळी बाळाने मान वळवली तर एका खोक्यात दिवा लागून खेळणे नाचू लागते. बाळाला खेळण्याचा नाद लागला की आवाज बदलताच ते मान वळवते. मात्र त्यासाठी बदल त्याला ऐकू यावा लागतो. सहा ते आठ महिन्यांच्या जवळजवळ सगळ्या बाळांना तो ऐकू आला. दहा-बारा महिन्यांच्या बाळांपैकी फार थोड्यांना आला. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना 'त' आणि 'ट' वेगळे काढताना घाम फुटतो, ते तर आपण रोजच पाहतो. हिंदी घरातल्या बाळांचा कान मात्र वर्षाच्या शेवटीही तितकाच तिखट होता. म्हणजे बाळ जन्मते ते जगातल्या बहुतेक भाषांचे दरवाजे उघडे ठेवून, आणि पहिल्या वाढदिवसाच्या आसपास घरच्या भाषेला न लागणारे दरवाजे ते एकेक करून लोटून घेते. ते दरवाजे नंतर अगदीच उघडत नाहीत असे नाही. पण कडी आतून बसलेली असते.

हे वाचले आणि मला माझी इयत्ता तिसरी आठवली.

आमचे गाव बीदरच्या वाटेवरचे. घरात, शेजारी, मोंढ्यात सगळीकडे 'पानी', 'लोनी', 'कोन'. ज्वारी दहा 'मन' व्हायची आणि देवाला जायचे तेही 'मन' लावून. तालुक्याच्या शाळेत घातले तेव्हा एका गुरुजींनी मला फळ्यापाशी उभे करून 'पाणी' म्हणायला लावले. मी 'पानी' म्हटले. त्यांनी पुन्हा म्हणून दाखवले, मी पुन्हा 'पानी' म्हटले, आणि वर्ग हसला. असे किती वेळा झाले ते आठवत नाही. एवढे आठवते की गुरुजी आणि मी एकच शब्द म्हणतो आहोत अशी माझी खात्री होती आणि मग ते का चिडतात ते मला कळत नव्हते. सुनेने वसुबारसेला जे उत्तर दिले तेच मी त्या दिवशी मनात दिले होते, फक्त मोठ्याने बोलण्याची हिंमत नव्हती. घरी येऊन आजीला सांगितले तर ती म्हणाली, "पानी म्हनलं तरी तान भागतीच की गं." पुढे मी 'ण' शिकले, तो इतका पक्का शिकले की तीस वर्षे इतरांच्या 'न'वर बोट ठेवत राहिले. ज्यांच्यावर ठेवले त्यांच्यातले काही जण त्या वेळी फरक ऐकतच नसतील, ही शंका मला एकदाही आली नाही. सगळेच ऐकत नसतील असे मात्र मी म्हणणार नाही; काहींना तो चांगला ऐकू येतो, पण आईसारखे बोलणे त्यांना प्यारे असते, आणि तो कानाचा नव्हे तर मनाचा विषय आहे.

कान ऐकतो असे आपण म्हणतो, पण कान फक्त हवेची थरथर आत पोहोचवतो. ती 'न' की 'ण' हा निवाडा मेंदूत होतो, तोही आपल्याला न विचारता. फिनलंडमधल्या रिस्तो नॅटानेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये हे फार सुरेख रीतीने दाखवले. फिनिश आणि एस्टोनियन या शेजारच्या, एका कुळातल्या भाषा. एस्टोनियनमध्ये एक स्वर असा आहे जो फिनिशमध्ये नाही. माणसाला एकच आवाज पुन्हा पुन्हा ऐकवत राहायचे आणि मधूनच वेगळा आवाज टाकायचा; त्याचे लक्ष भलतीकडेच असले तरी वेगळा आवाज येताच सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास मेंदूत एक विद्युत्‌लहर उठते. नेम चुकल्याची जणू ती नोंद. एस्टोनियन माणसाच्या मेंदूत त्या खास स्वराला ही लहर जोरात उठली. फिनिश माणसाच्या मेंदूत मंद. मानवी कानांची ठेवण तीच, आवाजही तोच, फक्त एका मेंदूत त्या आवाजासाठी खण होता आणि दुसऱ्यात नव्हता. आमच्या सीमाभागातल्या माणसाला यात नवल वाटू नये. इथे एका बाजाराच्या दिवशी मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी म्हणजे इकडची उर्दू असे चार खणांचे हिशेब एकाच आडतीवर चालतात.

दखनीचा हिशेब मला लहानपणापासून पाठ आहे. वडील निजामाच्या राजवटीत उर्दू माध्यमातून शिकलेले. १७ सप्टेंबर १९४८ नंतर मराठवाडा मोकळा झाला तरी त्यांचे आकडे आणि शिव्या उर्दूतच राहिल्या. ते 'क़लम' म्हणताना घशातून 'क़' काढत. आमच्या गल्लीतली दखनी बोलणारी खाला मात्र 'ख़लम' म्हणायची, कारण दखनीत 'क़'चा 'ख़' होतो. तिच्या तोंडी क़ब्र आणि ख़बर इतक्या जवळ यायच्या की उत्तरेकडचा पाहुणा गोंधळून जावा. आणि मी? मला वडिलांचा 'क़' हा साधा 'क' ऐकू यायचा आणि खालाचा 'ख़' हा साधा 'ख'. त्या दोघांमध्ये उच्चारावरून वाद व्हायचा तेव्हा मी मध्ये बसून दोघांनाही मराठीत ऐकत होते.

नसलेला आवाज ऐकणे हा त्याच्यापुढचा प्रकार. जपानीत दोन व्यंजने सहसा लगत येत नाहीत. १९९९ मध्ये इमॅन्युएल ड्युपू आणि सहकाऱ्यांनी जपानी लोकांना 'एब्झो' असा निरर्थक शब्द ऐकवला, तर त्यांना तो 'एबुझो' ऐकू आला. मधला 'उ' ध्वनिफितीत नव्हताच. मेंदूने तो घरून आणून बसवला. आमच्याकडे म्हातारी माणसे 'इस्कूल' म्हणत आणि आम्ही हसत असू, तेव्हा हे ठाऊक असते तर निदान हसण्यापूर्वी थांबलो असतो. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आम्ही कडब्याची कोप करून शेतात पूजा मांडतो, भज्जी आणि आंबील खातो, तो सण गावात 'येळवस'. सीमेपलीकडे कर्नाटकात त्याच दिवशी 'एळ्ळ अमावास्या' असते. आमच्या बोलीत वेळेला 'येळ' म्हणतात. तेव्हा शिकलेल्या माणसाने 'येळ' दुरुस्त करून 'वेळ अमावास्या' असे लिहिले असणार, असा माझा तर्क आहे. कानडी शब्द मराठी कानाने ऐकला आणि शुद्ध मराठी हाताने तो आणखी 'शुद्ध' केला.

आता थोडे मराठीच्या वाट्याला आलेल्या श्रीमंतीबद्दल. ओठ उघडल्यापासून स्वरतंतू कंप पावू लागेपर्यंत किती वेळ जातो, हे मोजून 'ब' आणि 'प' यांच्यातला फरक आकड्यांत मांडण्याचे काम ली लिस्कर आणि आर्थर अब्रॅमसन यांनी १९६४ मध्ये केले. त्यांनी निवडलेल्या अकरा भाषांमध्ये मराठी होती, हे वाचून मला उगाच नातेवाइकाचे नाव वर्तमानपत्रात आल्यासारखे वाटले. 'ब'मध्ये कंप ओठ उघडण्याच्या आधीच सुरू होतो, 'प'मध्ये उघडताक्षणी, 'फ'मध्ये उशिरा. एका मोजपट्टीवर तिघेही ओळीने बसतात. 'भ' मात्र बसत नाही. त्यात कंपही आधीपासून आणि महाप्राणही, म्हणजे श्वासाचा झोतही. तो त्या पट्टीवर 'ब'च्याच जागी येतो. मराठी आणि हिंदी या भाषांनी त्या सुबक मोजमापाला तिथे अडवले. इंग्रजी कानाला 'भात' आणि 'बात' एक वाटतात ते यामुळेच, आणि आमच्या दुधावरच्या बाळाला ते दोन वाटतात हेही.

मला सगळ्यांत रमवणारा शोध २०१४ चा आहे. मिरगीच्या शस्त्रक्रियेपूर्वी काही रुग्णांच्या मेंदूच्या पृष्ठभागावर विद्युदग्रांची, म्हणजे इलेक्ट्रोडची, जाळी ठेवावी लागते. अशा रुग्णांच्या संमतीने नीमा मेसगरानी, एडवर्ड चँग आणि सहकाऱ्यांनी त्यांना वाक्ये ऐकवली आणि कानामागच्या भागात, म्हणजे शंखखंडाच्या वरच्या वळीत, कोणत्या ठिकाणी कोणत्या आवाजाला प्रतिसाद मिळतो ते टिपले. एकेका अक्षराची एकेक जागा सापडली नाही. सापडले ते गुणांचे गट: इथे हवा अडवून सोडणारे आवाज, तिथे घर्षणाचे 'स', 'श', तिकडे अनुनासिक, पलीकडे स्वर. हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे बालवाडीतला तक्ता आला. आपल्या पूर्वजांनी आवाज असेच गुणांनी लावले. आडव्या ओळीत उच्चाराची जागा, कंठापासून ओठांपर्यंत, आणि उभ्या रांगेत प्रयत्नाची रीत. भिंतीवरचा तक्ता आपण आडवा घोकतो: क ख ग घ ङ. मेंदूने मात्र रीत आधी धरली आणि जागा मागाहून, म्हणजे तो तक्ता जास्त करून उभा वाचतो, ङ ञ ण न म. त्या उभ्या रांगेत 'ण' आणि 'न' लगतच्या घरात राहतात, तेव्हा त्यांची भिंत पडणे हे काही फार मोठे पाप नसावे. आपल्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते असली मिरवणूक मला काढायची नाही. त्यांनी तोंडाचा नकाशा काढला होता आणि ही माणसे मेंदूचा काढत आहेत.

दरवाजाची कडी कितपत पक्की असते? भारतात जन्मून लहानपणीच अमेरिकेत दत्तक गेलेल्या, मूळ भाषा पूर्ण विसरलेल्या मुलांवरचा अभ्यास २०११ मध्ये लेहर सिंग आणि सहकाऱ्यांनी केला. सुरुवातीला त्या मुलांना 'त' आणि 'ट' यांतला फरक इतर अमेरिकन मुलांइतकाच अनोळखी होता. थोडा सराव दिल्यावर मात्र दत्तक मुले तो ओळखू लागली, इतर मुले नाही. आईची भाषा आठवत नव्हती, तिचा खण मात्र शिल्लक होता. हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ गप्प बसले होते. आणि दुसरा प्रयोग पॅट्रिशिया कूल यांचा, २००३ चा: नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी चिनी माणसे प्रत्यक्ष बसून, पुस्तके दाखवत, खेळत बोलली तेव्हा बारा बैठकांत त्या बाळांचा कान चिनी आवाजांना खुला राहिला, तीच माणसे पडद्यावर दाखवली किंवा फक्त आवाज ऐकवला, तर काहीच उपयोग झाला नाही. तेव्हापासून नातवाला मोबाइलवरची बडबडगीते लावणे मी बंद केले आणि स्वतःच बेसूर म्हणू लागले. घरचे त्रासले आहेत.

परवा सूनबाईंनी हिशेब चुकता केला. ती म्हणाली, "आई, तुम्ही हिंदी बोलताना कोणी मारलं आणि कोणी मार खाल्ला तेच कळत नाही." हिंदीत 'पीटना' म्हणजे मारणे आणि 'पिटना' म्हणजे मार खाणे, 'लूटना' म्हणजे लुटणे आणि 'लुटना' म्हणजे लुटले जाणे. सगळा न्याय एका वेलांटीवर. मग तिने माझ्याकडे पाठ करून वीस वाक्ये म्हटली, कधी एक, कधी दुसरे, आणि मी वहीत लिहीत गेले. ती मुद्दाम सावकाश बोलली तोवर जमले. तिने रोजच्या वेगाने बोलायला सुरुवात केली आणि मी अंदाजावर आले. वीसपैकी तेरा बरोबर. एकतीस वर्षे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढलेल्या बाईला तेरा. तिने माझ्याच जुन्या सवयीने वहीवर लाल शाईने गुण लिहिले.

तिचा 'ळ' हा आमच्यातला दुसरा सराव. आधी ती 'बाळ'ला 'बाड़' म्हणायची, मग 'बाल' म्हणू लागली, आणि 'बाल उठला' म्हणताच तिच्या आईला फोनवर केस उभे राहिल्याचे चित्र दिसायचे. आता मी तोंडावर पदर धरून 'माळ', 'माल', 'काळा', 'काला' म्हणते आणि ती बोटाने एक की दोन दाखवते. ओठ-जिभेची हालचाल दिसली तर डोळे कानाला मदत करतात, म्हणून पदर. मधल्या काळात नातू आमच्या दोघींच्या मध्ये बसून कधी तिच्याकडे, कधी माझ्याकडे मान वळवतो. त्याच्या खोक्यात खेळणे नाचत नाही, तरी वळवतो.

काल दुपारी मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते आणि आतल्या खोलीतून तिचा आवाज आला, "आई, बाळ उठलं बघा." मी पिठाचे हात तसेच घेऊन धावले, त्याला उचलले, आणि मग आठवले. विचारले, "आता काय म्हणालीस गं? ल की ळ?"

ती म्हणाली, "मला काय माहीत? तुम्हीच ऐकलंत ना."

मी ऐकले नव्हते.